डाव्या खांद्याचा आरसा

दुकानांच्या पाट्या रंगवण्यात जहीरभाईंची पस्तीस वर्षं गेली. एके काळी यवतमाळच्या अर्ध्या बाजाराची नावं त्यांच्या हातची होती. फ्लेक्स आलं आणि पाट्या संपल्या. हात मात्र बसून राहीना. साठीला टेकल्यावर त्यांनी जलरंगांची पेटी आणली आणि अस्माला, लेकीला, सांगून टाकलं की अक्षरं पुष्कळ झाली, आता माणूस काढणार.

माणूसही ठरलेलं होतं. दत्त चौकात सीताफळांची टोपली घेऊन बसणारी लालीबाई. बंजाऱ्यांच्या तांड्यातल्या सुना कधीच साडीवर आल्या, ही अजून आरसे जडवलेल्या कांचळीत, त्यांच्या जुन्या चोळीत. सकाळी दहाच्या सुमारास दोन दुकानांच्या फटीतून ऊन येई, तिच्या खांद्यांवर वीसेक मिनिटं टेके आणि पुढे सरके.

दोन चित्रं बिघडली. पाटीवर पांढरा सगळ्यात शेवटी लागतो. त्याच सवयीनं त्यांनी आरशांवर शेवटी पांढरा टेकवला, तर आरसे चुन्याच्या ठिपक्यांसारखे दिसले. लालीबाईनं तोंड वाकडं केलं.

"हे मी नोहे, भाऊ. कॅलेंडरातली बाई हाय."

ते त्यांना लागलं होतं. आज जाड कागदाचा शेवटचा ताव होता आणि टोपलीही हंगामातली शेवटची. उद्यापासून ती शहरात येणार नव्हती. जे व्हायचं ते आजच.

या वेळी त्यांनी पांढऱ्याला हातच लावला नाही. आरशांच्या जागा कोऱ्या ठेवल्या आणि भोवतीनं लाल रंग फिरवला. मोबाइलवाला तारिक चहा घेऊन आला. भाईंना मोतीबिंदू झाला का, बाईला भोकं काहून ठेवली, असं त्यानं विचारलं. जहीरभाईंनी मान वर केली नाही. सावली येऊ दे, एवढंच म्हणाले.

ओढणीखालची निळसर सावली कागदावर उतरली आणि कोऱ्या जागा लखलखल्या. तारिकचा चहा हातातच राहिला.

लालीबाई उठून आली. बोट हवेत नाचवत तिनं आरसे मोजले.

"उजवीकडं सहा, बराबर. डावीकडं सहा कुठून आणले? एक तं मांगच्या साली पडला."

जहीरभाईंनी तिच्या खांद्याकडे पाहिलं. पडलेल्या आरशाच्या जागी नुसतं दोऱ्याचं कडं होतं. पाटीच्या दोन्ही बाजू सारख्या करण्याची जन्माची खोड. सहावा आरसा हातानंच बसवला होता. राहू द्या, कोण मोजते, असं तारिक म्हणाला. जहीरभाईंनी कुंचल्याच्या टोकावर लाल घेतला आणि ती एक जागा भरून टाकली. पांढरं मागून आणता येत नव्हतं, विझवता येत होतं. वर दोऱ्याचं बारीक कडं काढलं.

रंग वाळेस्तोवर लालीबाई उभी राहिली. मग तिनं आपला डावा खांदा चाचपला.

"आता हाय मी," म्हणाली, आणि ऊन सरकलं होतं तिकडे टोपली ओढून बसली.