मोठ्या बाबूंची सर्व्हिस

काही म्हणजे काहीच न टाकणारा, बंद न करणारा माणूस साऱ्या जालना जिल्ह्यात एकच झाला, तो म्हणजे आमच्या बियाण्यांच्या कंपनीत बिलं काढणारे मोठे बाबू. रोज बदनापूरहून गाडीने यायचे. थांबलेलं घड्याळ त्यांनी भिंतीवरून उतरू दिलं नाही, सुकलेली स्टॅम्पपॅडं टेबलावरून हलू दिली नाहीत, आणि ज्यांची कुलपं केव्हाच हरवली त्या किल्ल्यांचा जुडगा तर कमरेला बाळगायचे. काही म्हटलं की उत्तर ठरलेलं, "असू द्या हो. कुणाचं काय खाऊन राह्यलंय?" एकदा दुपारी लाइट गेली, परतूरचा टेम्पो बिलासाठी खोळंबला, तेव्हा त्यांनी गंजक्या टाइपरायटरवर बिल खडखडवलं. ते कुणाला वाचता आलं नाही ही गोष्ट सोडा, पण पुढचा आठवडाभर बाबू छाती पुढे काढून फिरत होते.

अशा माणसाची परवानगी घेणं माझ्या नशिबी आलं. ऑफिसात नवे कंप्युटर आले, ते सांभाळायचं काम माझ्याकडे. सगळे वायरने जोडलेले, तरी प्रत्येकात वायरलेसची सर्व्हिस आपली चालूच. औरंगाबादहून आलेला इंजिनिअर जाताना सगळ्यांसमोर म्हणाला, "ज्या सर्व्हिसचं इथं काम नाही, ती बंद करून टाका. उगाच बाहेरचा कुणी आत शिरायचा." झालं. शेठजींनी निर्णय बाबूंवर सोपवला आणि मी रोज सकाळी त्यांच्यापुढे उभा. एक दिवस "बघू", दुसऱ्या दिवशी "उद्या लागली तर?" दार, कडी, चोर, सगळे दाखले देऊन माझं डोकं उठलं. बाबू मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेले. डबाही अर्धा परत न्यायचे.

शेवटी त्यांनी मला जिन्यात गाठलं. हळूच म्हणाले, "साहेब, दोनच वर्षं राह्यली माझी. तेवढी होऊ द्या, मंग करा बंद."

"कशाची दोन वर्षं?"

"सर्व्हिसची. तो म्हणाल्ता ना, जिचं काम न्हाई ती बंद करा. बिलं तर आता मशीनच काढून राह्यली."

मी हसू आवरलं. तिथेच पायरीवर बसवून त्यांना समजावलं की ही सर्व्हिस कंप्युटरची, त्यांची नाही. "बिलकुल न्हाई?" त्यांनी विचारलं. "बिलकुल नाही," मी म्हणालो. त्या दुपारी बाबू खुर्ची ओढून शेजारी बसले, "करा बंद" म्हणाले, आणि सगळी मशीनं उरकेपर्यंत मला चहा पाजत राहिले.

दोन वर्षं त्यांनी निवांत काढली. मग शाल झाली, नारळ झाला, फोटो झाला. त्यांच्या जागी कोण येणार, असं मी शेठजींना विचारलं. ते कंप्युटरकडे बघत म्हणाले, "त्या जागेची आता जरूरत काय?" खरंच होतं ते, काम कुठंच अडलं नाही. बदनापूर स्टेशनवर बाबू अजून कधीमधी भेटतात. "माझ्या जागी कोण आलंय?" असं दर वेळी विचारतात. मला फार वाईट वाटतं, आणि मी सांगतो, "आलाय एक. पण तुमच्यासारखं जमत नाही त्याला."

बाबू समाधानाने मान हलवतात. "जमंल हळूहळू," म्हणतात. "सांभाळून घ्या त्याला."