आधी मेथी झाकली

अकरा वर्षांपूर्वी माझी मावशी आणि काका दुसऱ्या शहरात भाजी विकायचे. तिथल्या बाजारात एका माथेफिरूने गोळीबार केला, त्यात काका गेले. आता मावशी पंचवटीत मेथी-कोथिंबीर घेऊन बसते. मी त्या दिवसावर सिनेमा करणार म्हटल्यावर ती एवढंच म्हणाली, "कर. पन खोटं दाखवलंस तर मी उठून जाईन."

तिने उठून जाऊ नये, हे मी मनाशी पक्कं केलं. बंदूक नाही, रक्त नाही. निर्माता स्लो मोशनसाठी हटून बसला होता, पण मीही काही कमी हट्टी नाही. फक्त आवाज आणि बायकांची पळापळ दाखवायची.

पंचवटीतल्याच भाजीवाल्या उभ्या केल्या. कॅमेऱ्यामागे सुतळी बॉम्ब फोडला, तर सगळ्याजणी पळायचं सोडून खाली वाकल्या आणि पाल्यावर ओलं गोणपाट टाकायला लागल्या.

"अहो, गोळीबार होतोय! पळा की!" माझा पारा चढला.

"मेथी उघडी टाकून कोन पळतं, भाऊ?" एक आजी म्हणाली.

तीन टेक असेच वाया गेले. तिसऱ्यात तर काकांचं काम करणारा नटही वैतागून मावशीचं काम करणाऱ्या बाईवर ओरडला, "चल ना, मरायचंय का?" चौथ्याला मी गोणपाटंच काढून घेतली. मग मात्र टोपल्या लवंडत बायका झकास पळाल्या.

तो चौथा टेक मी मावशीला घरी दाखवला. "खोटं हाय," ती म्हणाली. चिडून मी तिसरा लावला. ती बघतच राहिली.

"मी बी आधी मेथीच झाकली. तुझे काका माझ्यासाठी थांबले." हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, हा भाग काढून टाकतो.

"काढू नको. पन त्याला वरडू देऊ नको. ते चिडले नव्हते. नुसते थांबले होते."

नट पाठमोरा होता, म्हणून जमलं. त्याचा आवाज काढला, संगीतही काढलं. निर्मात्याशी कडाक्याचं भांडण झालं, तरी तो टेक मी अख्खा ठेवला.

पहिल्या खेळाला मावशी माझ्या शेजारी बसली होती. पडद्यावर बाई गोणपाट ओढत होती आणि तो माणूस गप्प उभा होता. मावशी उठली नाही. पुढे झुकून पडद्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "तुमी व्हा की पुढं."