धक्क्याला बांधलेली पाणबुडी

मिस्त्रींशी माझी ओळख जहाजे तोडण्याच्या कारखान्यात झाली. ते गॅसने लोखंड कापत आणि कापलेले तुकडे आम्ही बायका डोक्यावरून वाहत असू. त्यांचे घर आमच्या घराला लागूनच होते, म्हणून ते मला वहिनी म्हणत.

युद्धाच्या काळात ते पाणबुडीवर नोकरीस होते. पाण्यावर असताना ती डिझेलवर चाले आणि बॅटऱ्या भरून घेई. पाण्याखाली त्याच बॅटऱ्यांवर चाले. बॅटऱ्यांची देखभाल मिस्त्री आणि त्यांचा मेहुणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, असे दोघे करीत. एका सफरीत शत्रूच्या बाँबने पत्र्याला तडा गेला. बंदरात परतल्यावर मेहुणा बॅटरीच्या खोलीत उतरला. तड्यातून समुद्राचे पाणी बॅटऱ्यांत शिरून तेथे विषारी वायू झाला होता. तो वर आला नाही.

पुढे तीच पाणबुडी भंगार म्हणून आमच्या कारखान्यात आली.

"काय पाणबुडे, पहिली बायको आली की तुमची!" आमचे मुकादम मिस्त्रींना म्हणाले.

"आली. आणि तुम्ही तिला किलोवर विकणार."

तोडण्यापूर्वी नौदलाचे एक साहेब तिच्या कामगिरीचा इतिहास वाचणार होते. "तुझ्या भावाचं नाव घेतील, चल," असे सांगून मिस्त्रींनी पत्नीला आणले. ती ठेवणीतले कपडे घालून माझ्याशेजारी बसली.

साहेबांनी सफरी वाचल्या, बुडवलेली जहाजे वाचली. शेवटी म्हणाले, "अभिमानाची गोष्ट ही, की या पाणबुडीने युद्धात एकही माणूस गमावला नाही." टाळ्या झाल्या.

मिस्त्री उभे राहिले. "साहेब, एक गेला. बॅटरीच्या खोलीत."

"तेव्हा ती धक्क्याला बांधलेली होती. तो अपघात. युद्धात धरत नाहीत."

"तडा बाँबने गेला होता, साहेब."

"समजतं हो मला. पण नियम आहे."

"बसा पाणबुडे, चहा निवतोय," मुकादम हसून म्हणाले. "उगाच तळातलं वर काढू नका."

पत्नीने मला हळूच विचारले, "म्हणजे माझा भाऊ हिच्यावर नव्हताच का?"

ज्यांनी हा नियम केला, त्यांनी बॅटरीची खोली कधी पाहिली असेल असे मला वाटत नाही.

साहेबांची गाडी गेली. तोडणी मधल्या भागापासून सुरू व्हायची होती. बॅटरीची खोली तेथेच होती आणि तो भाग मिस्त्रींच्या वाट्याला आला होता. पत्नी खुर्चीवरून उठेना. मिस्त्री काळा चष्मा कपाळावर चढवून आमच्याकडे आले आणि मला म्हणाले, "वहिनी, हिला घरी न्या. आता कापायला लागायचं आहे."