कथबर्टची सव्वीस वळणं

आमच्या गावापासून वरच्या तळ्यापर्यंतच्या रस्त्याला सव्वीस वळणं आहेत. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला दरी, आणि समोरून येणारा दिसत नाही, म्हणून प्रत्येक वळणाच्या अलीकडे हॉर्न द्यायचा ही आमच्या डोमिनिका बेटावरची रीत. सगळेच देतात. कथबर्ट वॅलमंडचा मात्र ओळखू यायचा : दोन आखूड, एक लांब. खाली किनाऱ्यावर मासळी आली की कोळी शंख फुंकतात, त्यावरून गावाने त्याचं नावच शंख ठेवलं होतं. अंगणात बसलेली बाई तो आवाज ऐकून सुनेला सांगायची, शंख चौदाव्यावर आलाय, म्हणजे चार वाजले.

त्याच्याकडे एक पांढरी व्हॅन होती. बत्तीस वर्षं तो पाहुण्यांना फिरवत होता. गाड्या तीन झाल्या, माणूस तोच. जहाजं येत तेव्हा बारा-बारा जणांना न्यायचा, पण त्याचं खरं प्रेम होतं ते ज्याला तो 'खासगी दिवस' म्हणायचा त्यावर. एकच कुटुंब, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. आधी कपारीतलं थंडगार पाणी, मग तळं, मग जंगल आणि पोपट, मग एल्डिकाच्या हातचं जेवण, आणि सगळ्यात शेवटी जंगलातलं गरम पाण्याचं कुंड. हा क्रम कधी बदलायचा नाही. तापलेलं अंग थंड पाण्यात घातलं की गारठा हाडात शिरतो, तोंड वाकडं होतं, डोळे जातात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इस्त्री करून उठलेली बाई तासभर हात धूत नाही. पाहुणे हट्ट करत, आधी कुंडात नेऊन मग कपारीत उडी मारू द्या म्हणत. कथबर्ट हसून गाडी आपल्याच क्रमाने नेई.

मी त्याला तिसरीत शिकवलं. वाचनाचं पुस्तक तो घडाघडा म्हणायचा, माझी मान वर होण्याआधीच धडा संपलेला. एके दिवशी मी त्याच्या पुस्तकाचं पान उलटलं, तर तो मागच्याच पानावरचा धडा म्हणत राहिला. मोठी बहीण घरी मोठ्याने वाचायची, ते ऐकून याने अख्खं पुस्तक पाठ केलेलं. वर्ग हसला, मीही हसले. तो हसला नाही. पुढे तो वाचायला शिकला, चांगला शिकला, पण डोळ्यांपेक्षा कानावर आणि लक्षात ठेवण्यावर त्याचा भरवसा जास्त, तो तसाच राहिला.

गेल्या ऑक्टोबरात एका दुपारी त्याची बायको एल्डिका दोन नीरफणस घेऊन माझ्याकडे आली. फणस ओट्यावर ठेवले आणि बराच वेळ फणसांबद्दलच बोलली. मग म्हणाली, "बाई, बर्टला दिसत नाही."

तिने सांगितलं ते असं. ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासांपासून तिच्या लक्षात यायला लागलं. कपात चहा ओतताना तो कपाच्या काठावर बोट अडकवून ठेवतो, चहा बोटाला लागला की थांबतो. पायऱ्या उतरताना ओठ हलतात, मोजतो. वर्तमानपत्र हातात घेतो आणि बातम्या रेडिओच्या सांगतो. तिने विचारलं की म्हणतो, गारठा आहे, उतरेल. अकरा वर्षांपूर्वी एका पाहुणीची चप्पल कुंडाजवळच्या ओढ्यात वाहून चालली होती आणि हा कुंडातून उठून तापल्या अंगाने ओढ्यात उतरला होता. तोच गारठा आता डोळ्यांवर आलाय, अशी त्याची पक्की समजूत. गारठ्यावर उपाय उष्णतेचा. म्हणून रोज संध्याकाळी घरामागच्या झऱ्याचं करडं, गंधकाचा वास मारणारं कढत पाणी फडक्यावर घेऊन डोळ्यांवर ठेवून बसायचं. आठ महिने हे चाललेलं. क्युबाचे डॉक्टर खाली राजधानीत, रोझोला डोळे तपासतात, तिकडे चल म्हटलं तर म्हणतो, डॉक्टरला गारठा दिसतो का?

"सोमवारी हंगामातलं पहिलं जहाज लागतंय," एल्डिका म्हणाली. "बारा माणसं बसतील गाडीत. माझं बोलणं तो बायकोचं बोलणं म्हणून सोडून देतो. तुमचं नाही सोडणार."

मी तिला विचारलं, नक्की काय हवंय. ती म्हणाली, एक दिवस त्याच्याबरोबर जा. गाडी चालवण्याइतकं दिसतंय असं तुम्हाला वाटलं तर तसं सांगा, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही वाटलं, तर तेही तुम्हीच सांगा. त्यालाच.

मी बहात्तर वर्षांची. त्या डोंगराच्या पायथ्याशी जन्म गेला आणि खासगी दिवस कधी केला नव्हता. तसंच कथबर्टला कळवलं, वाढदिवसाची हौस म्हणून. तो खूश झाला. शनिवार ठरला.

शनिवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. गाडीचं दार उघडून धरलं आणि पाहुण्यांपुढे करतो ते स्वागताचं भाषण सुरू केलं. मी म्हटलं, अरे, मी इथलीच.

"आज नाही, बाई," तो म्हणाला. "आज तुम्ही पाहुण्या. प्रश्न विचारायचे, आणि उत्तर आलं की 'अय्या' म्हणायचं."

मागच्या बाकावर डबे मांडीवर घेऊन बसलेली एल्डिका म्हणाली, "बत्तीस वर्षांत मला कधी दार उघडून दिलं नाहीस."

"तू कधी वाढदिवस सांगितला नाहीस, दुदू," तो लाडाने म्हणाला.

गाडी निघाली. खरं सांगते, पहिल्या दहा वळणांत मला वाटलं की एल्डिका उगाच घाबरते आहे. तो हळू चालवत होता, पण तो नेहमीच हळू चालवायचा. दोन आखूड, एक लांब, आणि हात आपोआप वळत होते. अकराव्या वळणापाशी रुफस तेजपानाचा भारा डोक्यावर घेऊन रस्त्याच्या कडेला उभा होता. त्याने हात वर केला. गाडी त्याच्या कोपरापासून वीतभर अंतरावरून गेली. कथबर्टने मान वळवली नाही.

"रुफस होता," मागून एल्डिका म्हणाली.

"पाहिला की," तो म्हणाला. थोडं पुढे गेल्यावर त्याने विचारलं, "काय म्हणत होता?"

रुफस काहीच म्हणाला नव्हता.

कपारीपाशी मी फक्त पाय भिजवले. पाणी असं होतं की घोटे दुखले. कथबर्ट काठावर बसून सांगत होता, डावीकडच्या दगडावर शेवाळं आहे, तिसऱ्या दगडावर पाय ठेवा. तिसरा दगड खरोखर कोरडा होता. तळ्यावर धुकं होतं, तिथे कुणालाच काही दिसलं नसतं.

तळ्याच्या पुढे दोन वळणांवर त्याने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं, बोट ओठांवर ठेवलं आणि आम्हाला खाली उतरवलं. ही त्याची सगळ्यात आवडती जागा. गोमिएचा एक प्रचंड वृक्ष तिथे रस्त्यावर झुकलेला असे. आमच्याकडे ज्याच्या खोडाच्या होड्या कोरतात तो. त्याची फळं खायला पोपट येत. खालच्या रानातून पोपटांचा कलकलाट येतच होता.

"बघा," तो कुजबुजला. दरीकडे पाठ करून त्याने हात उंच केला. "डावीकडची दुसरी फांदी. जिथे ती वाकते, तिथे ढोली आहे. जोडी असते. नर बाहेर बसतो. दिसला?"

त्याचं बोट जिकडे होतं तिकडे आभाळ होतं. गोमिए गुरुवारच्या रात्रीच्या पावसात मुळांसकट कोसळला होता. रस्ता साफ करणाऱ्यांनी शुक्रवारी खोडाचे तुकडे करून दरीत ढकलले होते. आमच्या पायांशी भुसा पडला होता, ओला, पिवळा, आणि चिकाचा वास येत होता. वास त्यालाही आलाच असणार. पण गोमिएखाली चिकाचा वास येणारच. त्या रस्त्याने तो त्या आठवड्यात फिरकला नव्हता, आणि झाड पडल्याचं त्याला कुणी सांगितलंही नव्हतं.

एल्डिका माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"दिसला का, बाई?" त्याने पुन्हा विचारलं.

"ऐकू येतोय," मी म्हटलं.

मी तिथेच सांगायला हवं होतं. पण त्याचा हात अजून वर होता, आणि तिसरीच्या वर्गातलं ते हसणं मला आठवलं. म्हटलं, थोडं थांबू.

पुढचा अर्धा तास गाडीत बसून काढला तो मात्र मी विसरणार नाही. आता मला कळलेलं होतं आणि दरी माझ्याच बाजूला होती. तो वळणं मोजत होता. ओठ हलताना मला दिसत होते.

कुंड जंगलात आहे. चार-पाच माणसं मावतील एवढं, भोवती नेच्यांची झुडपं, पाण्यावर वाफ, आणि कडेने नारिंगी साय धरलेली. आधी जेवलो. खारा मासा, उकडलेली हिरवी केळी, अळूचे कंद. मग मी आणि एल्डिका जुने झगे घालून पाण्यात उतरलो. त्या चपलेच्या प्रसंगानंतर कथबर्ट पाहुण्यांबरोबर कुंडात कधी उतरत नसे. तो काठावर टॉवेल घेऊन बसायचा. मी त्याला म्हटलं, आज उतर. पाहुण्यांचं ऐकायचं असतं. तो शर्ट काढून नीट घडी करून ठेवून उतरला, आणि लगेच ओंजळीने ते कढत पाणी डोळ्यांवर मारायला लागला.

"कथबर्ट," मी म्हटलं, "तो गोमिए पडलाय. गुरुवारी."

तो थांबला. त्याच्या बोटांमधून पाणी गळून गेलं.

"कुठला गोमिए?"

"तू मला दाखवलास तो. तिथे आता काही नाही. भुसा आहे."

एल्डिकाने त्याच्या खांद्यावर पाणी घातलं, लहान मुलाला घालतात तसं. त्याने तिचा हात झटकला नाही.

"मग तुम्ही 'ऐकू येतोय' म्हणालात ते..."

"ते खरं होतं. पोपट खाली रानात ओरडत होते."

तो किंचित हसला. "तेव्हासुद्धा तुम्ही पान उलटलंत," तो म्हणाला. "पण तेव्हा सगळा वर्ग होता. आज एवढं तरी बरं."

मी त्याला सांगितलं की हा गारठा नाही. माझ्या आईलाही असंच झालं होतं, डोळ्यांवर पडदा येतो, तो डॉक्टर काढतात, कढत पाण्याने तो जात नाही. आठ महिने वाया गेले असतील, कदाचित नसतील, ते मला ठाऊक नाही. तो ऐकत होता. मध्येच म्हणाला की झऱ्याचं पाणी ठेवल्यावर बरं वाटायचं मात्र. मी म्हटलं, वाटतच असेल.

"आणि सोमवार?" त्याने विचारलं. प्रश्न मला नव्हता.

"सोमवारी जहाजाची माणसं मार्टिन नेईल," एल्डिका म्हणाली. मार्टिन तिचा भाऊ. त्याचीही व्हॅन आहे. "आणि आपण रोझोला. तुझं नाव मी तीन आठवड्यांपूर्वीच लिहून आलेय."

"न विचारता?"

"विचारलं होतं. तू डोळ्यांवर फडकं घेऊन बसला होतास."

पाण्याबाहेर आल्यावर त्याने आम्हाला टॉवेलात गुंडाळलं, गवती चहा दिला, आणि वारा लागू नये म्हणून गाडीच्या सगळ्या काचा वर करायला लावल्या. त्या बाबतीत त्याचं मत काही बदललेलं नव्हतं. मग तो सवयीने उजवीकडच्या दारापाशी गेला. दाराला हात लावून उभा राहिला. एल्डिकाला गाडी येत नाही. मी तीस वर्षं जीप घेऊन शाळेत गेलेली. अजूनही दर रविवारी चर्चला गाडी नेते, पण व्हॅन कधी हाती धरली नव्हती. मी हात पुढे केला. त्याने किल्ली माझ्या तळहातावर ठेवली, आणि गाडीला वळसा घालून, बॉनेटवरून हात फिरवत, डाव्या बाजूला जाऊन बसला.

उतरताना वळणं उलटी येतात. मी सगळं लक्ष रस्त्यावर ठेवून चालवत होते आणि दोनदा हॉर्न द्यायचा विसरले. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "आता." मी हॉर्न दाबला, एकदाच, लांब. त्याला ते पटलं नाही. पुढच्या वळणाला त्याने बसल्या जागेवरून हात लांब केला आणि माझ्या हातांच्या मधून स्वतःच दाबला, दोन आखूड, एक लांब. मग प्रत्येक वळणाला तसंच. मी चाक वळवायची, तो हॉर्न द्यायचा. एकदाही लवकर नाही, एकदाही उशिरा नाही.

"मला वाटलं होतं, पाहुण्यांना बसल्या जागी आराम असतो," मागून एल्डिका म्हणाली.

"पाहुण्या चुकतायत," तो म्हणाला. "चौदाव्याला गाडी आत घ्या, बाई. बाहेरचा काठ पोकळ आहे."

मी आत घेतली. अकराव्यापाशी रुफस भारा उतरवून दगडावर बसला होता. हॉर्न ऐकून त्याने मान वर न करताच हात वर केला, गाडी शंखाची आहे हे त्याला आवाजावरून कळलं होतं.

"रुफस," मी हळूच म्हटलं, "डावीकडे."

कथबर्टने खिडकीची काच खाली केली, गार वारा आत आला तरी, आणि हात बाहेर काढून हलवला.