गाडी सोनईत, किल्ली परदेशात

प्रत्येक घरात वायरींचा एक खण असतो. कुठली वायर कशाची ते कुणालाच माहीत नसतं, पण टाकवत मात्र नाही. आमच्या अण्णांच्या गेमचे किस्से तसेच जमत गेलेत. मैत्रिणी भेटल्या की म्हणतात, "वैशाली, सासऱ्यांच्या गाडीचं सांग ना." मी एक ओढायला जाते, तर गुंता होऊन चार बाहेर येतात.

अण्णा म्हणजे माझे सासरे. एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. रिटायर झाल्यावरही रोज संध्याकाळी सोनईच्या स्टँडवर जाऊन बसायचे. कुठली गाडी किती लेट आली, कुणी रिव्हर्स नीट घेतला नाही, सगळं घरी येऊन सांगायचे. मग त्यांना काचबिंदू निघाला. समोरचं दिसायचं, पण दोन्ही कडांचं दिसेनासं झालं. नगरचे डॉक्टर म्हणाले, "आता मोटरसायकलसुद्धा चालवायची नाही." अण्णा तिथं फक्त "बरं" म्हणाले. पण त्या दिवसापासून त्यांनी स्टँडवर जाणं सोडलं.

मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "दुसऱ्याच्या ताटाकडं बघत बसल्यावानी वाटतंय."

माझा नवरा सचिन सुप्याला कंपनीत आहे. त्याच्या लाईनवरचा एक जण गेमिंगचं स्टेअरिंग विकत होता. सचिनने ते घेतलं आणि खोकं मोटरसायकलला बांधून घरी आणलं. मी पुण्याच्या एका ऑफिसचं काम घरून करते, त्यामुळे माझा जुना कॉम्प्युटर पडूनच होता. बस चालवायचा गेम टाकला, मधल्या खोलीत सगळं मांडलं, आणि इथून पुढे आमच्या घराची शांतता गेली.

* * *

पहिली भानगड स्टेअरिंगचीच. त्याचा क्लॅम्प आमच्या जाड टेबलाला बसेना, म्हणून ते शिलाई मशीनच्या फळीवर लावलं. अण्णांनी दोन्ही हातांनी धरलं, फिरवलं, आणि पाऊण फेऱ्यात ते अडकलं.

"एवढंच फिरतंय?"

"स्वस्तातलं आहे अण्णा, एवढंच फिरतं," सचिन म्हणाला.

"घाटात एका वळनाला अडीच फेरे मारायचो मी."

त्यांनी ते कसंबसं चालवून घेतलं. खरी अडचण पायाची होती. खाली दोनच पेडल होते, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. क्लच नव्हताच. अण्णांचा डावा पाय गिअर बदलताना आपोआप उचलला जायचा आणि नुसत्या फरशीवर दाबला जायचा. दिवसभर खोलीतून थप, थप आवाज. मला स्वयंपाकघरात तो ऐकवायचा नाही.

मुनीरचाचा म्हणजे डेपोतले जुने मेकॅनिक, अण्णांचे दोस्त. ते एकदा येऊन शेजारी बसले, अण्णांचा पाय बघत राहिले आणि टेपने मापं घेऊन गेले. दोन दिवसांनी भंगारातून बनवलेलं क्लच पेडल घेऊन आले. खाली जाड स्प्रिंग, फळीला बोल्ट मारलेले. सचिनने ते उलटंपालटं करून बघितलं.

"चाचा, याची वायर कुठंय? कॉम्प्युटरला जोडायची कशी?"

"वायर कॉम्प्युटरला लागती," चाचा म्हणाले. "हे पायाला लागतंय."

ते पेडल कशालाच जोडलेलं नाही. अण्णा अजूनही ते दाबल्याशिवाय गिअर टाकत नाहीत.

* * *

मग आला इंटरनेटचा प्रश्न. गेम आपल्याच कॉम्प्युटरमध्ये, चालवणारा एकटाच माणूस, तरी दर वेळी चालू करताना तो गेम बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला विचारणार. नेट नसलं की स्क्रीनवर नुसतं एक गोल फिरत राहतं. वर अपडेट. पहिलंच अपडेट पन्नास जीबीचं! आमच्या नेटच्या स्पीडने ते दोन दिवस चाललं. अण्णा अधूनमधून सीटवर येऊन बसायचे, गोल बघायचे, उठून जायचे.

"आता हे कुनाची वाट बघतंय?"

मी समजावलं. सर्व्हरने हो म्हटल्याशिवाय गाडी निघत नाही.

"सर्व्हर कुठं असतोय?"

"परदेशात असेल कुठंतरी."

अण्णांनी जरा विचार केला. म्हणाले, "गाडी माझ्या घरात हुबी. लाईट माझी. अन् किल्ली परदेशात."

तेव्हापासून आमच्या घरात नेटला कुणी नेट म्हणत नाही. "किल्ली आली का?" असंच विचारतात. आमच्या नेटवाल्यालाही ते पाठ झालंय. मी फोन करून "किल्ली गेली" म्हटलं की तो म्हणतो, "माणूस पाठवतो ताई."

एकदा पाईपलाईन खोदताना जेसीबीने घोडेगाव रोडला केबल तोडली. अण्णा आणि रंगनाथकाका चालत तिथं गेले. रंगनाथकाका हे अण्णांच्या गाडीवरचे कंडक्टर. दोघं रिटायर झाले तरी एकमेकांना "ड्रायव्हर" आणि "कंडक्टर" अशाच हाका मारतात. दुपारभर दोघं त्या खड्ड्याच्या काठावर बसून होते. जोडणाऱ्या पोराने केबल सोलून आतला काचेचा धागा दाखवला. केसाएवढा.

घरी आल्यावर अण्णा मला म्हणाले, "एवढ्याशा धाग्यावर चालती व्हय गं आपली गाडी?"

त्या दिवशी त्यांनी एकदाही जोरात ब्रेक मारला नाही.

* * *

अकाउंट उघडताना चूक माझीच झाली. जन्मतारीख टाकायची होती. ऑफिसची मीटिंग सुरू होणार होती, घाईत मी साल खाली ओढलंच नाही. झालं, कंपनीच्या हिशेबी अण्णा दहा वर्षांचे ठरले. लहान मुलांसाठी आता कडक नियम आलेत, त्यामुळे स्क्रीनवर लगेच सूचना. मी ती मराठीत वाचून दाखवली: "तुम्ही अल्पवयीन आहात. पालकांची संमती आवश्यक आहे."

खोलीत अण्णा, चाचा आणि काका, तिघंही म्हातारे होते. कुणीच हसलं नाही.

"बापानं तवाबी दिली नव्हती," अण्णा म्हणाले. "म्हनायचा, वावर सोडून लोकाच्या गाड्या कशाला हाकायच्या? लायसन चोरून काढलं मी."

रंगनाथकाका म्हणाले, "मग आता कुनाची घ्यायची ड्रायव्हर?"

शेवटी पालक म्हणून मी माझाच ईमेल टाकला. मग रोजचंच सुरू झालं. गेम चालू करायचा तर माझ्या मोबाईलवर मेसेज येणार, तुमच्या पाल्याला एक तास खेळू द्यायचं का? अण्णा दारात येऊन उभे राहायचे. "सूनबाई, तेवढी परवानगी द्या." मला इतकं ओशाळल्यासारखं व्हायचं! कंपनीला चार ईमेल केले, आधार कार्डाचा फोटो पाठवला, महिन्याने एकदाचं उत्तर आलं, तुम्ही हो म्हटलं की तारीख दुरुस्त करू. मी आनंदाने सांगायला गेले.

"अण्णा, आता कुणाला विचारायला नको. फक्त कंपनीला हो कळवायचंय."

अण्णा म्हणाले, "राहू दे तसंच. निघताना कुनीतरी जा म्हनलं की बरं वाटतं."

अजून त्या कंपनीकडे मी त्यांची पालक आहे.

* * *

पैसे लावायच्या ऑनलाईन गेमवर बंदी आली तेव्हाचं. टीव्हीवर दिवसभर तेच चाललेलं. अण्णांनी अर्धं ऐकलं आणि आत जाऊन स्टेअरिंगवर चादर टाकली. नोकरीत त्यांनी एकही नियम मोडलेला नाही. मी सांगितलं, सचिनने सांगितलं, ऐकेनात. दुसऱ्या दिवशी धुतलेला शर्ट घालून, मला स्क्रीनचा फोटो प्रिंट करायला लावून, रंगनाथकाकांना घेऊन पोलीस चौकीत गेले. पुढचं काकांनीच सांगितलं.

हवालदाराने कागद बघितला. "हे काय?"

"बस हाय साहेब. घरात चालवतो. बंदीत येती का इचारायला आलोय."

"पैसे लावता?"

"न्हाई."

"जिंकल्यावर काय मिळतं?"

"काही न्हाई."

"मग खेळता कशाला बाबा?"

अण्णा म्हणाले, "येळेवर पोचतो."

हवालदाराने म्हणे कागद परत दिला आणि दोघांना चहा पाजला.

* * *

एक किस्सा मी फारसा सांगत नाही. मैत्रिणी हसतात, आणि मग मला राग येतो.

त्या गेममध्ये एक ऑनलाईन शहर आहे. जगभरातले लोक एकाच वेळी तिथं गाड्या चालवतात. रस्ते कुठल्यातरी थंड देशातले, गाड्या उजव्या बाजूने. अण्णांनी तेही शिकून घेतलं. बाकीची मंडळी तिथं रेस लावतात. अण्णा चाळीसच्या वर जात नाहीत आणि प्रत्येक थांब्यावर थांबतात. एक दिवस मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले, कुणीकुणी तक्रारी केल्या, आणि स्क्रीन बंद होऊन मेसेज आला: रस्ता अडवल्याबद्दल सात दिवस बंदी.

अण्णांना उभ्या नोकरीत एक मेमो मिळालेला नाही. ते सीटवरून उठले आणि मला म्हणाले, "कागद घे. खुलासा द्यायचाय."

त्यांनी सांगितलेलं मी शब्दन् शब्द लिहून घेतलं. "महोदय, सविनय कळवितो की सदर दिवशी मी गाडी नेमून दिलेल्या वेगाने चालवीत होतो. थांब्यावर एक वृद्ध महिला चढत होती. मागील वाहनांनी हॉर्न दिले, तथापि सदर महिला बसल्याशिवाय गाडी हलविणे मला शक्य नव्हते."

मी हळूच म्हटलं, "अण्णा, ती बाई कॉम्प्युटरची आहे."

"चढत हुती का न्हाई?"

मी सगळं इंग्रजीत करून पाठवलं. मिनिटाभरात उत्तर आलं. अपील तपासले, बंदी कायम.

"सही कुनाची हाय?" अण्णांनी विचारलं.

"सही नाही. मशीनने पाठवलंय."

"म्हंजे वाचलं कुनीच न्हाई."

सात दिवस त्या खोलीकडे ते फिरकलेही नाहीत. सस्पेंड झालेल्या माणसासारखे ओट्यावर बसून असायचे. दुसरं अकाउंट काढून देतो म्हणून सचिन मागे लागला, तर त्याच्यावर चिडले. आठव्या दिवशी सकाळी दाढी करून सीटवर बसले. परत चाळीसच. परत प्रत्येक थांबा.

* * *

आणि हा मे महिन्यातला.

जिल्ह्यात कुठंतरी तणाव झाला आणि पुढची सूचना येईपर्यंत इंटरनेट बंद, असा आदेश निघाला. मोबाईलचं गेलं, घरचंही गेलं. माझं काम अडलं. सचिन सुप्याला ड्यूटीवर होता. दुपारी चाचा आणि रंगनाथकाका नेहमीसारखे आले, अण्णा नेहमीसारखे सीटवर बसले. स्क्रीनवर तोच गोल. चाचांनी स्क्रीनच बंद करून टाकली. तिघं काळ्या काचेसमोर बसून राहिले.

तेवढ्यात माझ्या सासूबाई आत आल्या. मी त्यांना आत्या म्हणते. गेम चालू असताना त्या खोलीत आत्या कधी पाऊल टाकायच्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी बाहेर जायचं पातळ नेसलं होतं आणि हातात पर्स होती.

अण्णांनी कितीतरी वर्षं शेवगाव-कल्याण गाडी चालवली. माळशेज घाटातून जायची ती. घरी आले की घाटाचं सांगायचे. कुटुंबाला पास मिळायचा, आत्या दर वर्षी म्हणायच्या की मला एकदा न्या. कधी पोरांच्या परीक्षा, कधी गाय व्यायला झालेली, कधी अण्णांची ड्यूटी बदललेली. ते जमलं नाही ते नाहीच.

रंगनाथकाका खुर्चीवरून उठले. "कुठं जायचं वहिनी?"

"कल्यानला," आत्या म्हणाल्या. "घाटातून जाती ना?"

"जाती."

काकांनी आपली खुर्ची अण्णांच्या मागे, खिडकीजवळ लावून दिली आणि स्वतः उभे राहिले. आत्या पर्स मांडीवर घेऊन बसल्या. अण्णांनी मागे वळून बघितलं नाही. स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि निघाले.

नगर गेलं. भाळवणी, टाकळी ढोकेश्वर. काका एकेक नाव घ्यायचे, अण्णा गाडी थांबवायचे, काका चला म्हणायचे. आळेफाट्याला मी चहा दिला. ओतूर गेलं. मढ गेलं.

"घाट लागला," अण्णा म्हणाले.

आत्या पुढं वाकल्या. समोर काळी काच. "काय दिसतंय?"

"धुकं हाय."

"लई?"

"बॉनेटच्या पुढचं दिसत न्हाई."

"मग चालवता कशी?"

"हळू घ्यायची," अण्णा म्हणाले. "हाताला म्हाईत हाय."

अण्णा स्टेअरिंग डावीकडे नेत होते, उजवीकडे आणत होते. आत्या खिडकीतून आमच्या अंगणाकडे बघत होत्या. अंगणात वाळवण घातलेलं होतं आणि ऊन इतकं होतं की नुसतं बघवत नव्हतं.

मग आत्यांनी पदर डोक्यावरून घेतला आणि खांद्याभोवती घट्ट ओढला.

"भाऊजी," त्या काकांना म्हणाल्या, "काच लावता का तेवढी? गार लागतंय."

काकांनी हात लांब केला आणि खिडकी लावून घेतली.