‘अहो’ नावाची फाइल

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बार्शीत सकाळी पेपर टाकून बी.एस्सी. केलं आणि त्या पदवीवर चंदीगडपर्यंत आलो. डेराबस्सीच्या एका औषध कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी लागली. हे मी मिरवून सांगतो, कारण मिरवण्यासारखं दुसरं फारसं नाही.

आमच्या गल्लीत मराठी घर एकटं आमचंच. आणि घर म्हणजे खरं तर बायको. मी दिवसभर हिंदीत. मुलगी इथेच जन्मली. तिला आईचं सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. मराठीचा कारभार बायको एकटी चालवायची, तोही आवाज चढवून, या खोलीतून त्या खोलीत. नवऱ्याचं नाव घ्यायची तिच्याकडे रीत नव्हती. "अहो," अशी हाक यायची. मी "काय गं" म्हणायचो. मग पुढचं यायचं. ‘काय गं’ कानावर पडल्याशिवाय ती पुढचं बोलतच नसे. दूध उतू गेलं तरी चालेल.

मुलगी अकरावीत असताना बायकोच्या घशात गाठ निघाली. मोठ्या सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं. गळ्याला भोक, त्यात नळी. बाई घरी आली ती मुकी होऊन.

आधी पाटी आणून दिली. तिला ती आवडली नाही. पाटीवर लिहायचं तर समोर माणूस लागतो, आणि समोरच्या माणसाशी बोलायची तिला सवयच नव्हती. तिला आतून बाहेर बोलायचं असायचं. एका दुपारी तिने पाटी पलंगाखाली सरकवून दिली ती कायमची. मदत हवी असली की स्टीलच्या ग्लासावर चमचा वाजवायची, बस. घर इतकं शांत झालं, की वर राहणाऱ्या घरमालकीणबाई एकदा विचारायला आल्या, "भाईसाब, सब ठीक है ना?"

घरात दोन कॉम्प्युटर होते. हॉलमध्ये माझा, आणि आतल्या खोलीत मुलीचा जुना, ज्यावर ती गाणी ऐकायची. सेक्टर ३४च्या क्लासमधून ती एकदा लांब केबल घेऊन आली. "बाबा, दोनों को जोड़ देते हैं. आई अंदर से लिखेगी, आप बाहर पढ़ोगे."

मी म्हटलं, मी जोडतो. बी.एस्सी. माणूस. केबल भिंतीच्या कडेने नेली, दाराखालून आत घातली. ते दार तेव्हापासून नीट लागेना. दोन्हीकडे वर्कग्रुपचं नाव एकच ठेवलं. माझ्या मशीनवर एक फोल्डर केला, शेअर केला. आतल्या खोलीत तो दिसला तेव्हा मी बायकोकडे असं पाहिलं, की जणू टेलिफोन मीच शोधला. तिने एका बोटाने दोन ओळी टाइप केल्या. सेव्ह होईना. पुन्हा केल्या. होईना. तिने ग्लासावर चमचा आपटला.

मुलगी आली, बघितलं आणि कपाळावर हात मारला. "बाबा, आपने उनको सिर्फ पढ़ने की परमिशन दी है. लिखने की दी ही नहीं."

बायको हसली. आवाज नाही, नुसते खांदे हलले. मग बोटाने माझ्याकडे दाखवलं आणि मान अशी हलवली, की मला तिचं वाक्य ऐकू आलं: पहिल्यापासून असंच आहे यांचं.

मुलीने सेटिंगमधल्या एका चौकोनात खूण केली आणि फोल्डर आईला लिहायला मोकळा झाला. वर्डमध्ये फाइल उघडून मुलीने विचारलं, "आई, नाम क्या दूँ?" बायकोने की-बोर्ड ओढला आणि इंग्रजी अक्षरांत टाइप केलं: अहो.

घरातली हाक परत आली. दहावीपर्यंतचं इंग्रजी तिला अक्षरांपुरतं पुरत होतं. मराठी सगळं त्याच अक्षरांत, बार्शीच्या उच्चारासकट. मी ‘काय गं’ म्हणायला समोर नसायचो, म्हणून माझं वाक्यही तीच लिहायची. ‘अहो. काय गं. गॅस बंद केला का.’ ‘अहो. काय गं. ही पोरगी काही खाईना, तुम्ही नुसते बसून काय करालाव.’ दोघांचं बोलणं एकटीनं. मी खाली उत्तर द्यायचो. कधी आमची भांडणंसुद्धा व्हायची, त्या फाइलीत, भाजीवरून.

एक नियम वर्डनेच घालून दिला. तिच्याकडे फाइल उघडी असली, की माझ्या स्क्रीनवर पाटी यायची: ही फाइल ‘आई’ वापरत आहे. मुलीने आतल्या मशीनला तेच नाव दिलं होतं. खाली पर्याय असायचा, मोकळी झाली की कळवा. मी त्यावर टिचकी मारून बसायचो. तिचं लिहून झालं, की माझ्या स्क्रीनवर निरोप यायचा. त्या वाट पाहण्यात एक समाधान होतं. आत ती आहे, जागी आहे, काहीतरी बोलत आहे.

जूनमधल्या एका रविवारी सकाळी मी असाच बसलो होतो. पाटी आलेली, टिचकी मारलेली, चहा संपलेला. बराच वेळ निरोप आला नाही. आज मोठं भाषण आहे, असं मी मुलीला म्हटलं. मग लाइट गेली. यूपीएस एकच, तो हॉलमध्ये. पंखा बंद झाला म्हणून मुलगी आईची खिडकी उघडायला गेली, आणि तिथून तिने मला हाक मारली. बायको खुर्चीत मागे कलली होती, श्वास नळीत अडकत होता. आम्ही घरमालकांच्या गाडीतून तिला हॉस्पिटलात नेलं. तिथून ती आली नाही. आजार छातीत उतरला होता. डॉक्टर म्हणाले, आठवड्यांचाच प्रश्न होता.

गावाकडचे लोक येऊन गेले. ते परतल्यावर मी पुन्हा हॉलमध्ये बसलो आणि फाइल उघडली. पाटी आली. ही फाइल ‘आई’ वापरत आहे.

आतलं मशीन बंद होतं. मी मुलीला हाक मारली. तिने पाटी दोनदा वाचली. मग म्हणाली, "लाइट गई थी ना. फाइल खुली रह गई. ‘खुली है’ वाला निशान अटक गया है, बाबा."

"म्हणजे ती काय लिहीत होती ते गेलं?"

"शायद नहीं. वर्ड बीच-बीच में अपने आप रखता है. उधर देखना पड़ेगा."

आम्ही आत गेलो. तिने मशीन चालू केलं, वर्ड उघडलं. डाव्या बाजूला वाचवलेली फाइल आली. मी फाइलीत शेवटापर्यंत खाली गेलो. आदल्या संध्याकाळचं माझं उत्तर होतं, दोडक्याबद्दल. त्याच्या खाली तिचा एकच शब्द. अहो.

पुढे माझं ‘काय गं’ तिने लिहिलं नव्हतं.

मुलगी म्हणते, घुसमटत असती तर तिने चमचा वाजवला असता; ग्लास जवळच होता. खरं आहे. पाणी हवं असेल. उन्हाचा पडदा ओढायचा असेल. पण तो शब्द आपोआप राखला गेला, म्हणजे तो लिहून ती काही वेळ नुसती बसली होती. कशासाठी बसली, ते मला माहीत आहे. वीस वर्षं ती त्या शब्दानंतर थांबतच आली होती. आणि मी भिंतीपलीकडे, तिचं बोलणं संपायची वाट बघत.

"सेव्ह करूँ?" मुलीने विचारलं.

"कर."

त्यानंतर कॉम्प्युटर बदलले, केबल गेली, ते दारही आता लागतं. फाइल मी प्रत्येक मशीनवर नेली. त्या फाइलीवर फक्त वाचण्याची परवानगी ठेवली आहे, मलासुद्धा. खाली काही लिहावंसं पुष्कळदा वाटतं. दोनच शब्द आहेत. ते मी तोंडानेच म्हणतो.