फिट माणसाचे स्टूल

चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात मी कार्मिक अधिकारी होतो. आजारी रजेवरून परतणाऱ्या कामगाराने फिटनेस सर्टिफिकेट दाखवल्याखेरीज त्याला गेटच्या आत घ्यायचे नाही, असा तेथील नियम. ते सर्टिफिकेट रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात मिळे. नाडीलाही हात न लावता डॉक्टर लिहीत, ‘सर्व कामांस योग्य’. यात कोणाला काही गैर वाटत नसे. मलाही वाटत नव्हते, हे नमूद करतो.

तपासणी लाइनवरचा एक कामगार, शेजारच्याच गावचा, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर असाच योग्य ठरून सोमवारी हजर झाला. गुरुवारी त्याने बसायला स्टूल मागितले. सोबत शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी होती.

शॉप मॅनेजरने दोन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. “सोमवारी फिट, गुरुवारी अनफिट. यातलं खोटं कुठलं? झेपत नसेल तर राजीनामा द्या.”

भेदरलेल्या माणसाने रुग्णालयाची अख्खी फाइल आणून मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. ती तेथे दोन दिवस पडून होती, वर चहाचा कप. येणाऱ्या-जाणाऱ्याने ती चाळली. आत कुठल्याशा पानावर, कित्येक वर्षांपूर्वी सुटलेल्या दारूची नोंद होती. कँटीनच्या रांगेत विचारणा सुरू झाली, “काय भावा, नक्की सोडली ना?”

मी ती फाइल उचलून माझ्या खोलीत आणली. मॅनेजर मागोमाग आला.

“सर, आजार काय आहे ते मला कळायला नको?”

“तुम्हाला स्टूल द्यायचंय, औषध नाही.”

कामगाराची संमती घेऊन मी त्याच्या डॉक्टरांना दोनच प्रश्न लिहून पाठवले. सलग किती वेळ उभे राहता येईल? ही मर्यादा किती काळ राहील? उत्तर आले: अर्धा तास, सहा महिन्यांनी पुन्हा तपासू. आजाराचा इतिहास मी विचारला नव्हता, त्यांनी लिहिला नाही. फाइल मी ज्याची त्याला परत केली. उत्तर कुलूपबंद कपाटात ठेवले. मॅनेजरला एका ओळीचा आदेश दिला: बसण्याची सोय करावी.

सोय झाली. स्टुलाच्या बैठकीवर लाल रंगात ठळक लिहिले होते, ‘मेडिकल केस’. दुसऱ्या कोणी बसू नये म्हणून, असा मॅनेजरचा खुलासा. कपाटाला कुलूप लावणारा मीच मूर्ख ठरलो.

“राहू द्या साहेब,” कामगार म्हणाला. “बसल्यावर दिसत न्हाई.”

“उठल्यावर दिसतं.”

मी पॉलिश पेपर मागवला आणि मॅनेजरच्या हातात दिला. लाइन पाहत होती. त्याने घासायला बराच वेळ घेतला; या कामाचे सर्टिफिकेट त्याच्याकडे नसावे. शिफ्ट संपायच्या आत अक्षरे गेली. माणूस लाइनवर राहिला.